सुनीतीताईचा रायपुरी नारळ

रायपूरच्या माणसाला मोबाइल विकताना दुकानदाराने एक अट घालायला हवी: यावर 'हव' म्हणायचं नाही. आमच्याकडे 'हव' म्हणजे हो. पण तो साधा हो नाही. तुमचा आवाज येतोय, तुम्ही काय म्हणताय ते कळलेलं नाही, तरी आपले संबंध बिघडू नयेत, एवढा सगळा मजकूर त्या दोन अक्षरांत मावतो.

त्या संध्याकाळी मी तात्यापारा चौकात उभा होतो. डाव्या हातात कढईतून नुकताच निघालेला आलूगुंडा, म्हणजे आमच्याकडचा बटाटावडा, उजव्या हातात फोन, आणि समोरून डीजे लावलेली वरात. फोन अंदमानहून होता. धर्मपाल नावाचा एक जीपवाला बोलत होता. तो काहीतरी विचारत होता आणि शेवटी "...चलेगा?" एवढं मला नीट ऐकू आलं. तोंडात गरम बटाटा असताना माणूस जेवढं बोलू शकतो तेवढं मी बोललो. "हव हव, चलेगा."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी आणि माझी थोरली बहीण सुनीतीताई अंदमानातल्या एका लहानशा बेटाच्या धक्क्यावर बोटीतून उतरलो. पायाशी तीन पिशव्या. समोर धर्मपाल. त्याच्या मागे नुकत्याच येऊन गेलेल्या वादळाने अर्धा खाल्लेला रस्ता. जीप कुठेच नव्हती.

"गाडी?" मी विचारलं.

"गाड़ी कैसे आएगी साहब? बोला तो था फोन पे. तूफान में पुलिया सब बह गई. मैंने पूछा, डोंगी भेज दूँ या किनारे-किनारे पैदल चलेगा? आप बोले चलेगा."

"अरे, मी चलेगा म्हणजे चालेल या अर्थाने..."

"हाँ, तो चलिए."

ताई आतापर्यंत पिशव्या मोजत होती. तिने मान वर केली.

"विन्या, हा काय म्हणून राहिला?"

मी सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की माझं वय अठ्ठावन्नवरून आठावर आलं. "डोंगी आता बोलाव म्हणा त्याले."

डोंगी, म्हणजे छोटी मोटरबोट, त्या सकाळीच पलीकडच्या गावात राशन घेऊन गेली होती. ती उद्या दुपारी परतणार होती. आणि उद्या चालणार नव्हतं. ताईची एकुलती एक मुलगी पिंकी बेटाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. तिला सातवा महिना होता, तो आज संपत होता, आणि आमच्या घरात आठव्यात ओटी भरत नाहीत. काहून भरत नाहीत, हा एकच प्रश्न ताईने आयुष्यात कोणाला विचारलेला नाही.

बाकी सगळे विचारून झाले आहेत.

'काहून' म्हणजे का. माझा जसा 'हव', तसा तिचा 'काहून'. एकाच आईच्या पोटी जन्मून एकाने सगळ्याला हो म्हणावं आणि दुसरीने सगळ्याला का म्हणावं, याचा आमच्या आईलाही शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. छत्तीसगढ राज्य नवीन झालं तेव्हा ताई टायपिस्ट होती. जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय भरलं होतं. भोपाळहून फायली ट्रकने यायच्या, साहेब विमानाने यायचे, आणि दोघांनाही बसायला जागा नसायची. त्या गोंधळात एका मोठ्या साहेबाने ताईला चिठ्ठी दिली, "तत्काल टाइप करें." ताईने खाली पेन्सिलने लिहून परत पाठवली, "काहे?" साहेब भोपाळचे. त्यांना वाटलं, छत्तीसगढात अशीच टिप्पणी लिहायची पद्धत असेल. त्यांनी खाली रीतसर उत्तर लिहिलं आणि सही केली.

भाऊजी, म्हणजे बाबाराव, रेल्वेत होते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी वाद घालणं सोडलं. आता त्यांच्या गुडघ्यांनीही साथ सोडली आहे, म्हणून ते तात्यापाऱ्यात राहिले आणि माझी नेमणूक झाली. "विनायक, तू मामा आहेस, तूच जा," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते गुडघेदुखीच्या माणसाचं नव्हतं.

पिंकीचा नवरा शिशिर बेटावर वीज खात्यात आहे. वादळाने सगळे खांब झोपवले, त्यामुळे तो पंधरवडाभर खांबांवरच होता. पिंकी एकटी. वादळाच्या रात्री तिच्या स्वयंपाकघराचं छप्पर उडालं आणि फळीवरचे देवही त्याबरोबर गेले. तेव्हापासून जरासा वारा वाजला की ती उठून बसायची. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलेलं. फोनवर ती आईला एवढंच म्हणाली, "मम्मी, कुछ मत लाना. बस अपने देवघरवाला नारियल लेके आ जाना." आमच्या पुढच्या पिढीला मराठी सगळं समजतं, पण रडू येतं ते हिंदीत.

तर तो नारळ. नारळाच्या बेटावर रायपूरहून नारळ न्यायचा! मी विमानतळापर्यंत समजावत होतो.

"ताई, तिथे नारळच नारळ आहेत गं."

"तिथले तिथल्यांचे. ओटीचा नारळ माहेरचा लागते."

"पण देवघरात ठेवण्याआधी हा आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातलाच होता."

"मंग दुकान कोणत्या गावात आहे?"

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सामान में सूखा नारियल तो नहीं है?" विमानात सुक्या खोबऱ्याला बंदी. मी सवयीने म्हणालो, "हव." त्यापुढची पंधरा मिनिटं ताईने त्या मुलीच्या कानाशी नारळ हलवून आतलं पाणी ऐकवलं. शेवटी त्या मुलीच्या साहेबाला बोलावलं, त्यालाही ऐकवलं. तो कानाला नारळ लावून इतका वेळ उभा राहिला, की मला वाटलं आतून कोणी बोलतंय.

आता तोच नारळ हळद-कुंकू लावलेला, लाल फडक्यात बांधलेला, कापडी पिशवीत होता. दुसऱ्या पिशवीत अभनपूरचे तांदूळ, हिरवं पातळ, खण. तिसरीत बिजोरी, म्हणजे उडदाची, तीळ घातलेली, छतावरच्या उन्हात वाळवलेली. ताईने पदर खोचला, पायातले कॅनव्हासचे बूट आवळले आणि म्हणाली, "चल. तुले चालायचंच होतं ना?"

किनाऱ्याने चालणं हे वर्णनात फार सुंदर असतं. प्रत्यक्षात वाळूत एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे येतं, म्हणजे गणिताने आपण पोचेपर्यंत दुप्पट म्हातारे होत असतो. शिवाय ही वाळू धड वाळू नव्हती. वादळाने समुद्राच्या तळातली पोवळी उचलून वर टाकली होती, ती हाडांसारखी पायाखाली कडाकड मोडत. त्यात पत्रे, जाळ्या, कोणाच्या तरी घराचं दार, कडीसकट. एक निळी होडी चक्क झाडाच्या बेचक्यात बसली होती. माड सगळे एकाच दिशेला आडवे, कोणीतरी कंगवा फिरवल्यासारखे.

"सगळे एकाच अंगाले काहून पडले?" ताई.

"हवा उधर से आई थी माँजी," धर्मपाल.

"मंग तो एकच कसा उभा?" हे हिंदीत करून मी धर्मपालला विचारलं.

एका उंच माडाला शेंडाच उरला नव्हता, पण खोड ताठ होतं. धर्मपालने माडाकडे पाहिलं, मग ताईकडे. "ज़िद्दी होगा," तो म्हणाला.

थोडं पुढे गेल्यावर एक भलंमोठं उन्मळून पडलेलं झाड आलं. धर्मपाल म्हणाला, हा महुआ. बस. ताई तिथेच थांबली. छत्तीसगढात जन्म गेलेल्या बाईला महुआ, म्हणजे मोह, शिकवायचा?

"हा महुआ?" तिने पान चुरगळून नाकाशी धरलं. "याले वास कुठी आहे?"

"समुंदर का महुआ है माँजी."

"समुंदर का भी हो, फूल तो गिरता होगा? दारू बनती है इसकी?"

"नहीं."

"तो महुआ काहे का?" असं म्हणून तिने त्या झाडाचं नाव काढून घेतलं आणि ती पुढे चालू लागली. धर्मपाल हळू आवाजात मला म्हणाला, "सर, माँजी पुलिस में थीं?"

"हव," मी म्हणालो.

ऊन चढत होतं. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. आणि धर्मपाल आता दर दोन मिनिटांनी मागे वळून ओरडत होता, "जल्दी करो माँजी, भाटा है! अभी भाटा है!"

ताईने पिशवी खाली ठेवली. "भाटा आहे तं एवढी घाई काहून?"

मलाही उलगडेना. आमच्याकडे भाटा म्हणजे वांगं. रायपूरच्या बाजारात हिवाळ्यात ढिगाने येतं.

"हमको भाटा नहीं चाहिए भैया," ताई समजुतीने म्हणाली. "सब्जी हमारी बेटी ने बनाई होगी."

"अरे माँजी, भाटा चला जाएगा!"

"जाने दो."

"चला जाएगा तो हम लोग कैसे जाएँगे?"

ताई माझ्याकडे वळली. "विन्या, या माणसाले ऊन लागलं. याले पाणी पाज."

धर्मपालने दोन्ही हात जोडले, मग समुद्राकडे केले. पाणी दूर मागे हटलेलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "ताई, ओहोटी! ओहोटी म्हणतोय तो. पाणी भरायच्या आत पुढचे दोन नाले ओलांडायचे आहेत."

"मंग ओहोटी म्हणाव ना! समुद्राले वांगं काहून म्हणते?"

ही सगळी चर्चा होईपर्यंत वांगं बऱ्यापैकी निघून गेलं होतं. पहिल्या नाल्यावर पूल म्हणून एक पडलेलं खोड होतं आणि त्याखाली पाणी वर चढायला लागलं होतं. ताईला दोन्ही हात मोकळे हवे होते. तिने नारळाची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. "जिवासारखी सांभाळ," ती म्हणाली, आणि धर्मपालचा हात धरून, देवाचं नाव घेत नव्हे, माझं नाव घेत पलीकडे गेली. मी मधोमध घसरलो. कंबरेपर्यंत पाण्यात. पिशवी बुडाली, पण गळ्यातच राहिली. नारळ होता. लाल फडकं मात्र वाहून गेलं आणि त्याबरोबर हळद-कुंकूही.

"नारळ आहे ना?" पलीकडून प्रश्न आला. मी कसा आहे हे कोणी विचारलं नाही.

पलीकडे एक टेकाड होतं. वर चढलो आणि बेटावरच्या एकुलत्या एका टॉवरने आम्हाला पाहिलं असावं, कारण फोन वाजला. बाबाराव. "पोचले का तुम्ही?"

"हव हव," असं म्हणता म्हणता मी तुटक्या चपलेवरून पुढे झुकलो. पिशवीचं तोंड खाली झालं. आणि माहेरचा नारळ उतारावरून टणाटण उड्या मारत निघाला. आम्ही तिघंही बघत राहिलो. तो एका अंगणात शिरला आणि थांबला.

त्या अंगणात नारळांचा ढीग होता. वादळाने पाडलेले नारळ एका म्हाताऱ्या जोडप्याने गोळा करून, सोलून, खोबरं काढायला रचून ठेवले होते. शेकड्यांनी. सगळे सोललेले, सगळ्यांना शेंडी, सगळे तपकिरी. आमचा नारळ आत गेला, वरचे चार-सहा त्याच्यावर घसरले आणि पुन्हा सगळं शांत झालं.

ताई उतरली आणि ढिगासमोर उकिडवी बसली. एकेक नारळ उचलायचा, फिरवून पाहायचा, कानाशी हलवायचा, बाजूला ठेवायचा. म्हातारा-म्हातारी ओट्यावरून बघत होते. त्यांच्या घराला छपराच्या जागी निळी ताडपत्री होती.

"क्या ढूँढ रही हैं बहनजी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हमारा नारियल."

"सब नारियल ही है. कोई भी ले लो."

"काहे कोई भी? हमारा रायपुर का है."

म्हातारा विचारात पडला. "रायपुर में नारियल होता है?"

"दुकान में होता है."

"दुकान में कहाँ से आता है?"

ताईने हातातला नारळ खाली ठेवला. या प्रश्नावर तिने कधी विचार केला नव्हता, असं दिसत होतं. म्हातारा मात्र खूश झाला. "तो समझो इधर का ही था. घूम-फिर के घर आ गया."

ही गोष्ट त्याने म्हातारीलाही समजावून सांगितली आणि दोघं पोट धरून हसायला लागले. छप्पर उडालेल्या घराच्या ओट्यावर बसून ती दोघं हसत होती, आणि आमची ताई, जिचं छप्पर शाबूत आहे, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तिला तसं फार वेळा पाहिलेलं नाही. पिंकीने एवढं एकच मागितलं होतं.

"भाटा..." धर्मपाल टेकाडावरून रडकुंडीला येऊन म्हणाला. "माँजी, दूसरा नाला भर जाएगा. आज नहीं पहुँचेंगे."

मी ढिगात हात घातला. जरा लहानसा, जरा काळपट, रायपुरी वाटेल असा एक नारळ उचलला. उलटसुलट करून पाहिला, कानाशी हलवला, माझ्या परीने अभिनय केला. "ताई, हा बघ. हाच."

"पक्का?"

"हव."

तिने नारळाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी 'काहून'ची वाट बघत होतो, तीन-चार उत्तरं तयारही ठेवली होती. पण तिने नारळ घेतला, पदराने पुसला आणि या वेळी स्वतःच्या पिशवीत ठेवला. थकली असेल, मला वाटलं. मग तिसऱ्या पिशवीतून बिजोरीचं अख्खं पाकीट काढून तिने म्हातारीच्या हातात दिलं. "तल के खाना," म्हणाली. त्यांना त्रास दिला म्हणून देत असेल, असंही मला वाटलं. मला बरंच काही वाटत असतं.

दुसरा नाला आम्ही छातीभर पाण्यातून ओलांडला. पिशव्या धर्मपालच्या डोक्यावर, माझा फोन माझ्या दातात. ताईने तेवढ्यातही विचारलंच, "हे पाणी एवढं खारट काहून?" "हव," धर्मपाल म्हणाला. तो आता रायपूरला पोचला होता, म्हणजे सगळ्याला "हव" म्हणत होता.

पिंकीच्या घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. ती दारात उभी होती, वाळून अर्धी झालेली, पोट तेवढं पुढे. "मम्मी!" म्हणाली आणि पुढे झाली. ताईने तिला जवळ घेण्याआधी ओरडून घेतलं. पायात चप्पल काहून नाही, केस काहून नाही विंचरले, डोळे काहून असे झाले. मग जवळ घेतलं. शिशिरला खांबावरून बोलावलं. तो कंबरेचा पट्टा न सोडताच आला, आणि शेजारच्या दोन बंगाली बायका आल्या. ताडपत्रीखाली पाट मांडला. हिरवं पातळ किंचित खारं झालं होतं, तांदळालाही जरा ओल लागली होती. ताईने त्या सगळ्यांनिशी ओटी भरली. नारळावर नव्याने हळद-कुंकू लावलं आणि तो पिंकीच्या पदरात ठेवला.

पिंकीने तो दोन्ही हातांनी उचलला. गालाला लावला. "मम्मी, ये अपने देवघरवाला ही है ना?"

"हव," ताई म्हणाली.

सुनीतीताईच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. मला वाटतं, मंत्रालयानेही ऐकला नसेल.

दिवेलागणीला वारा सुटला. ताडपत्री फडफडली, पत्रा वाजला. मी पिंकीच्या खोलीकडे पाहिलं. ती उठली नाही. नारळ कुशीत घेऊन, तोंड उघडं टाकून, लहानपणी रेल्वे क्वार्टरमध्ये झोपायची तशी झोपली होती. ताई बाहेर वाळूवर पाय पसरून बसली होती, बूट काढून ठेवलेले, समोर समुद्र. भरती होती. शेवटी राहवेना, मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"ताई, एक सांगू? तो नारळ... म्हणजे, मला तशी खात्री नव्हती. तू रागावू नकोस."

ती समुद्राकडेच बघत होती.

"मले माहीत आहे."

"माहीत आहे? कसं काय?"

"तू हव म्हटलं, तवाच समजलं का तो आपला नाही."